मुलींना रस नाही, असं लिहिण्याआधी

एका समन्वयक ताईंचा प्रश्न आहे. तालुक्याच्या गावी त्यांचं मोफत कौशल्य केंद्र चालतं. केंद्र उघडण्याआधी त्यांनी आसपासच्या गावांत १५ ते १९ वयाच्या मुलींची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ प्रत्येकीने "हो, शिकायला आवडेल" असं सांगितलं. ४० जणींनी नावं दिली. शिवण आणि ब्यूटी पार्लर अशा दोन बॅच लागल्या. पहिल्या दिवशी १७ जणी आल्या, दुसरा महिना संपेपर्यंत ९ उरल्या. आता निधी देणाऱ्यांना अहवाल पाठवायचा आहे आणि ताई विचारतात: विकसनशील देशांतल्या किशोरवयीन मुलींना अशा प्रशिक्षणात मुळात रस असतो का, की तो आपणच गृहीत धरतो?

ताई, मी २२ वर्षं बीड-जालन्याच्या खेड्यांत हेच काम करते आहे. तुमचे आकडे वाचताना माझीच जुनी हजेरीवही समोर उघडली. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

रस असतो आणि भरपूर असतो. आपल्यासारख्याच घरातली एखादी मुलगी काही काम शिकली आणि तिच्या हातात पैसे आले, हे मुलीने डोळ्यांनी पाहिलं असेल, तर त्या कामात तिचा जीव अडकतो. पण जीव अडकला तरी ती तुमच्या वर्गात येऊन बसेल की नाही, हे वेगळ्याच गोष्टींवर ठरतं: गाडी किती वाजता, बरोबर कोण, घरचं कोण करणार आणि दिवेलागणीच्या आत परत येते का. आपण हजेरी मोजतो आणि तिलाच आवड म्हणतो. सगळा घोटाळा तिथे आहे.

पाहणीपासून सुरुवात करते, कारण माझीही पहिली चूक तिथेच झाली होती. गेवराई तालुक्यातल्या एका गावात मी एका घराच्या ओट्यावर बसले होते. मुलगी १६ वर्षांची, दहावी झालेली. शेजारी तिची आई ज्वारी निवडत होती, चुलती दारात उभी, भाऊ अंगणात मोटारसायकल पुसत होता. मी विचारलं, "तुला काय शिकायला आवडेल?" मुलीने आईकडे पाहिलं. आई मान वर न करता म्हणाली, "शिवण सांग की." मुलगी म्हणाली, "शिवण." मी फॉर्मवर शिवण लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. अर्ध्या तासाने हापशावर तीच मुलगी घागर भरत होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. ती आपणहून म्हणाली, "मॅडम, शिवण नको मला. ताई शिकली ना शिवण. मशीन पण घेतली होती. आता त्या मशीनवर गोधड्या ठेवतेत." मग घागर डोक्यावर घेता घेता, "मला भरतीला पळायचंय. पण आईसमोर कसं म्हणू?"

त्या दिवसापासून मी पाहणी दोनदा करते. एकदा घरच्यांसमोर, कारण परवानगी त्यांच्याकडे आहे आणि त्यांना वगळून काही होत नाही. दुसऱ्यांदा मुली एकट्या असतील तिथे: हापशावर, शेळ्यांमागे, शाळा सुटल्यावर फाट्यावर गाडीची वाट बघताना. या दोन उत्तरांत जे अंतर सापडतं, ते माझ्या लेखी पाहणीतलं सगळ्यात मोलाचं पान असतं. आणि हेही लक्षात घ्या की समोर वही घेऊन बसलेल्या बाईला "आवडणार नाही" असं सांगणं आपल्याकडे उद्धटपणाचं मानतात. तुमच्या ४० होकारांपैकी काही होकार त्या मुलींच्या चांगल्या वळणाचे आहेत.

आता शिवणाबद्दल. मला शिवण कमी लेखायचं नाही. माझ्या केंद्रातून शिकलेल्या काही बाया आज त्यावर घर चालवतात. पण मुलगी जेव्हा शिवणाला नाही म्हणते, तेव्हा बहुतेक वेळा तिने गणित केलेलं असतं. गावात आधीच सहा-सात जणी ब्लाउज शिवतात. काम लग्नसराईत येतं, पावसाळ्यात बसून राहावं लागतं. गाऊन आणि कुर्त्या आठवडी बाजारात तयार मिळतात, त्यामुळे उरतं ते ब्लाउज आणि पिको-फॉल. शिलाईचे पैसे बहुतेक वेळा शेजारणीकडून यायचे असतात आणि शेजारीण म्हणते, "देते की पुढच्या आठवड्यात." १६ वर्षांच्या मुलीला शेजारणीकडे वसुली करता येत नाही. हे सगळं तिला माहीत आहे, आपल्याला माहीत नसतं. तिच्या नकाराला आपण अनास्था म्हणतो, पण तो गावच्या बाजाराचा चोख अंदाज असतो.

हेच शिवण दुसऱ्या जागी फळतं, हेही सांगायला हवं. दक्षिण दिल्लीच्या वस्त्यांत बायकांना सहा महिने शिवण शिकवून त्यांचा पुढे पाठपुरावा केलेला एक अभ्यास आहे. पुष्कर मैत्र आणि सुभा मणी यांचा. शिकलेल्या बायकांचं काम वाढलं, कमाई वाढली, घरात शिलाई मशीन आली. शहरात गिऱ्हाईक आहे, कारखाने आहेत, अनोळखी माणसाकडे पैसे मागता येतात. तेव्हा कुठलाही ट्रेड, म्हणजे शिकवायचा धंदा, आपल्या आपण चांगला किंवा वाईट नसतो. तुमच्या तालुक्यातल्या त्या १०-१२ गावांत त्याला कोण पैसे देणार आहे, एवढंच बघायचं.

मग मुलींना हवं काय असतं? माझ्या भागात पहाटे पाचला कुठल्याही डांबरी रस्त्याला जाऊन उभ्या राहा. स्वेटरवर ओढणी गुंडाळून पोलीस भरतीसाठी पळणाऱ्या मुली दिसतील. कुणी त्यांना स्टायपेंड देत नाही, कुणी हजेरी घेत नाही. एमएस-सीआयटी या संगणकाच्या कोर्सच्या वर्गाला मुली स्वतःच्या घरातून फी भरून येतात, कारण सरकारी जाहिरातीत ते प्रमाणपत्र मागतात हे त्यांना ठाऊक आहे. नर्सिंगला जाण्यासाठी आईबापांशी भांडतात. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. पंचक्रोशीत कुणी तरी एक मुलगी वर्दी घालून किंवा पांढरा कोट घालून घरी आलेली त्यांनी पाहिली आहे. तिच्या बापाचा गावात मान वाढलेला पाहिला आहे.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा भारतातलाच आहे. रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाने दिल्लीच्या आसपासच्या काही गावांत तीन वर्षं कॉल सेंटरची भरती करणारी माणसं पाठवली. त्यांनी मुलींना कौशल्य शिकवलं नाही की पैसे दिले नाहीत. अशी नोकरी असते, तिला काय लागतं, मुलाखत कशी होते, एवढंच सांगितलं आणि पात्र मुलींना अर्ज करायला मदत केली. तीन वर्षांनी त्या गावांतल्या १५ ते २१ वयाच्या मुली इतर गावांपेक्षा जास्त प्रमाणात कामाला लागलेल्या होत्या, लग्न आणि मूल पुढे ढकलत होत्या आणि संगणकाच्या, इंग्रजीच्या वर्गांना आपणहून जात होत्या. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मी तो वाचला तेव्हा माझ्या कामाचा क्रमच बदलला. पूर्वी मी आधी वर्ग भरवायचे आणि शेवटी नोकरीचं बघायचे. आता आधी नोकरी देणारा किंवा गिऱ्हाईक दाखवते आणि मग विचारते, यासाठी शिकायचं का?

न पाहिलेल्या कामाबद्दल मुलगी उत्साह दाखवत नाही, याचा अर्थ ते काम तिला जमणार नाही किंवा आवडणार नाही असा काढू नका. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे तयार झालेला अभ्यासक्रम शाळांमध्ये आठवी ते दहावीला आठवड्यातून एक दिवस चालतो. त्यात मुलगे आणि मुली दोघेही सगळं करतात: वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, शेती, अन्नप्रक्रिया. मुलींना वेल्डिंग आवडतं का, असा फॉर्म कुणी भरून घेत नाही. हातात होल्डर देतात. ठिणगीची भीती पहिल्या दोन दिवसांत जाते आणि मग आवड कुणाला आहे, कुणाला नाही हे खरं कळतं. आवड विचारून कळत नाही, हात लावल्यावर कळते. मुलग्यांचे हात लहानपणापासून पान्याला, मोटारसायकलला, मोटारीच्या स्टार्टरला लागलेले असतात. मुलीला ती संधी आपण द्यायची असते.

माझ्याकडची एक मुलगी सांगते. शेतावरच्या पाण्याच्या मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचं काम ती शिकली. आमच्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज कमी-जास्त झालं की मोटारी जळतात आणि जळालेली मोटार भरायला तालुक्याला न्यावी लागते. आम्ही आठ दिवसांचा चाचणी वर्ग ठेवला होता, त्यात ती फक्त मैत्रिणीच्या सोबतीला आली होती. जुनी तार कापण्याआधी वेढे मोजून लिहून ठेवायचे असतात, तारेची जाडी मापायची असते, खाचेत पेपर नीट बसवायचा असतो. एक वेढा चुकला तरी मोटार पुन्हा गरम होते. मुलगे मोजताना घाई करायचे. ही ओठ हलवत हलवत मोजायची, दर १० वेढ्यांना वहीत रेघ मारायची. दुसऱ्याच दिवशी शिकवणारे मिस्त्री म्हणाले, "हिचा हात विणकामाला बसलेला आहे, हिला वेगळं शिकवावं लागत नाही." पाहणीत या मुलीने काय लिहिलं होतं? ब्यूटी पार्लर. बांगलादेशात खुलना, सातखीरा आणि नडाइल जिल्ह्यांत 'बालिका' नावाचा कार्यक्रम झाला. त्यातही उपजीविकेच्या गटातल्या मुलींना मोबाइल दुरुस्ती, फोटोग्राफी आणि प्रथमोपचार शिकवले होते. तिथल्या खेड्यांतही कुणी आधी म्हटलं नसतं की मुली मोबाइल उघडून बसतील.

आता वाटेबद्दल. तुमचं केंद्र तालुक्याच्या गावी आहे, हे तुम्ही ओघात लिहून गेलात. माझ्या मते तुमच्या आकड्यांचं निम्मं उत्तर त्या एका शब्दात आहे.

पाकिस्तानातल्या पंजाबच्या खेड्यांत बायकांसाठी शिवणाचे वर्ग काढले होते. काही गावांत वर्ग गावातच ठेवला, काही गावांतल्या बायकांना शेजारच्या गावी जावं लागणार होतं. ज्या गावात वर्ग होता, तिथल्या बायकांनी शेजारच्या गावांपेक्षा कित्येक पट अधिक नावं नोंदवली. अभ्यासकांनी पुढे शोध घेतला तेव्हा दिसलं की किलोमीटर हे खरं कारण नव्हतंच. गावाची शीव ओलांडणं हेच सगळ्यात महाग पडत होतं. जवळचं असलं तरी दुसरं गाव ते दुसरं गाव. वाट तोडण्यासाठी स्टायपेंड बराच वाढवावा लागत होता. त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एका भरवशाच्या गाडीतून जायची सोय केली तेव्हा फरक पडला. आपल्या गावांत याहून वेगळं काही आहे असं मला वाटत नाही. शिवेच्या आत ती अमक्याची लेक असते, शिवेच्या बाहेर ती नुसती एक मुलगी असते, आणि आईबापांना या दुसऱ्या गोष्टीची धास्ती वाटते.

ही धास्ती खोटी नाही, म्हणून तिच्यावर भाषण देऊ नका, सोय करा. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात झाली आणि माध्यमिक शाळेतली मुलींची पटसंख्या अभ्यासकांच्या हिशोबाने ३२ टक्क्यांनी वाढली. मुली घोळक्याने सायकलवर निघतात, त्यामुळे अंतरही कमी होतं आणि भीतीही. महाराष्ट्रात मागास तालुक्यांत सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस बारावीपर्यंतच्या मुलींना फुकट नेतात. पण त्या शाळेच्या वेळेला धावतात. तुमचा वर्ग अकरा ते चार असेल तर तुमची मुलगी त्या बसमध्ये बसतच नाही, तिला काळीपिवळीत पुरुषांच्या मांडीला मांडी लावून यावं लागतं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, त्याने पैशाचा भार हलका झाला. पण गाडीच नसेल त्या वेळी सवलतीचं काय करणार? मी आता वर्गाचं वेळापत्रक करायला एसटी स्टँडवर जाते. तिथल्या फळ्यावरच्या शेवटच्या परतीच्या गाडीवरून उलटं मोजत वर्गाची वेळ ठरवते. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने तर वर्गच बसमध्ये बसवून गावोगाव नेला. तेवढं जमलं नाही तरी समाजमंदिरात किंवा शाळेच्या रिकाम्या खोलीत दोन-तीन गावांत आळीपाळीने वर्ग घेता येतो. शिलाई मशीन टेम्पोत टाकून नेता येते. मुलीला नेणं त्यापेक्षा अवघड आहे.

एक लहानशी वाटणारी गोष्ट. केंद्रातल्या संडासाच्या दाराला आतून कडी आहे का? पाणी येतं का? आमच्या एका केंद्रात दर महिन्याला चार-पाच दिवस ठरावीक मुली गैरहजर असायच्या. आम्ही बैठकीत "नियमितपणाचा अभाव" यावर तासभर बोललो. शेवटी शिपाई मावशी म्हणाल्या, "कडी तुटलेली हाय, पोरी कशा येतील?" सुतार बोलावला, कडी लावली, कोपऱ्यात झाकणाची बादली ठेवली. गैरहजेरी त्याच महिन्यात उतरली.

आणि तुमच्या नोंदवहीतले मोबाइल नंबर तपासा. 'असर' या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींपैकी ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यातल्या ४३.७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता आणि मुलींपैकी फक्त १९.८ टक्क्यांकडे. म्हणजे तुम्ही "उद्यापासून वर्ग सुरू" असा संदेश पाठवलात तो बहुतेक वेळा भावाने किंवा वडिलांनी वाचला. त्यांनी तो सांगितला, विसरले, किंवा मुद्दाम सांगितला नाही. जिचं नाव ४० मध्ये आहे आणि १७ मध्ये नाही, तिला निरोप पोचला होता का, हे आधी कळायला हवं. अंगणवाडी ताई, आशा ताई किंवा बचत गटांचं काम बघणाऱ्या सीआरपी ताईच्या तोंडी गेलेला निरोप घरातल्या बायकांपर्यंत जातो.

वयाचा मुद्दा सगळ्यात दुखरा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न १८ व्या वर्षाआधी झालेलं होतं. देशाचा आकडा २३.३. परभणी आणि बीडमध्ये तो ४० च्याही वर. आमच्याकडे त्याचा धागा उसाशी जोडलेला आहे. दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन कारखान्याला जाते आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परत येते. वयात आलेल्या मुलीला मागे म्हाताऱ्या आजीजवळ कसं ठेवायचं, या काळजीनेच कित्येक लग्नं उरकतात. शिवाय नवी जोडी झाली की नवा कोयता, नवी उचल. तुम्ही बॅच नोव्हेंबरमध्ये काढली असेल तर त्या ८ गळालेल्या मुलींतल्या काही जणी आत्ता सांगली-कोल्हापूरकडे कुठल्या तरी फडात धाकट्या भावंडांना सांभाळत असतील. त्यांना रस होता की नव्हता, हे विचारण्याची ती जागाच नाही.

दहावी आणि १८ वर्षं यांच्यामधला हा काळ आपल्या योजनांना नीट धरता आलेला नाही. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत १५ व्या वर्षापासून प्रवेश आहे, पण मी ज्या कंपन्यांशी बोलले त्या १८ पूर्ण झाल्याशिवाय कामावर घेत नाहीत, आणि धोक्याच्या कामांत घेऊही नये, कायदाच तसा आहे. मग १६ व्या वर्षी प्रमाणपत्र मिळालेली मुलगी दोन वर्षं घरी बसते आणि त्याच दोन वर्षांत पाहुणे येऊन तिला बघून जातात. म्हणून या वयोगटासाठी लांब पल्ल्याचं शिक्षण लागतं: बारावीबरोबर जाणारं, आयटीआयचं, नर्सिंगचं. तीन महिन्यांचा झटपट कोर्स १९ वर्षांच्या मुलीला उपयोगी पडतो, १६ वर्षांच्या मुलीला तो अर्ध्या वाटेत सोडून देतो. तुम्ही १५ ते १९ अशी एकच बॅच केली आहे, ती फोडा.

बाहेरच्या देशांचं तुम्ही विचारलंय, तर युगांडाचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. बांगलादेशातल्या 'ब्रॅक' या संस्थेने तिथे २००८ पासून १४ ते २० वयाच्या मुलींसाठी गावागावांत क्लब काढले. क्लब आठवड्यातून पाच दिवस दुपारी उघडा. गावातलीच, मुलींपेक्षा थोडी मोठी अशी एक ताई तो चालवायची. मुली तिथे खेळायच्या, गप्पा मारायच्या, शरीराबद्दल, गर्भारपणाबद्दल, नकार कसा द्यायचा याबद्दल शिकायच्या. आणि त्यातल्याच ज्यांना हवं त्या केशरचना, शिवण, कोंबडीपालन, छोटा व्यापार असं काही शिकायच्या. चार वर्षांनी क्लब असलेल्या वस्त्यांत कमावणाऱ्या मुलींचं प्रमाण जवळपास निम्म्याने वाढलं होतं, लहान वयातली गर्भारपणं आणि लग्नं घटली होती. आणि हे नीट वाचा, ताई: इतक्या नावाजलेल्या कार्यक्रमातही त्या त्या वस्तीतल्या पात्र मुलींपैकी साधारण पाचातली एकच मुलगी क्लबमध्ये गेली होती. तुमच्या ४० पैकी ९ आहेत. तुम्ही लाज वाटावी अशा जागी मुळीच नाही.

हाच कार्यक्रम शेजारच्या टांझानियात नेला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. तिथे क्लबला स्वतःची जागा मिळाली नाही, साहित्य तुटपुंजं होतं. मुली दोन्ही देशांतल्या सारख्याच, फरक खोलीचा आणि सामानाचा. सिएरा लिओनमध्ये २०१४ साली इबोलाने शाळा बंद पडल्या तेव्हा जिथे क्लब होते तिथल्या मुली लहान वयात गरोदर राहण्यापासून बऱ्याच प्रमाणात वाचल्या. मुलीला रोज जाता येईल अशी एक हक्काची जागा असणं, हेच तिथे कौशल्याच्या आधी आलं. मी माझ्या केंद्रात वर्गाआधी अर्धा तास मोकळा ठेवते, तो युगांडाचं वाचल्यापासूनच. त्या अर्ध्या तासात कॅरम असतो, केस विंचरणं असतं, कुणाच्या घरी पाहुणे येऊन गेले हे कळतं. दोन लग्नं त्या कॅरमच्या बोर्डाशी कळल्यामुळे वेळेत थांबवता आली.

गळतीसाठी लायबेरिया आणि मलावी बघा. मलावीत व्यवसाय प्रशिक्षणातून मुलग्यांपेक्षा मुली जास्त गळाल्या. घरचं आजारपण, लग्न, मूल ही कारणं होती, आणि शिकण्याच्या काळात खर्च भागवायला मुलींनी स्वतःची साठवलेली पुंजी मोडली होती. म्हणजे मोफत वर्गही मुलीला फुकट पडत नाही. लायबेरियात २०१० पासून मन्रोव्हिया आणि आसपास जो कार्यक्रम चालला, त्याने हे आधीच ओळखलं होतं. वर्ग वस्तीजवळ, सकाळची किंवा दुपारची पाळी मुलीने निवडायची, लहान मूल असेल तर सांभाळायची सोय, हजेरीसाठी थोडे पैसे, सहा महिने शिकणं आणि पुढचे सहा महिने काम मिळेपर्यंत पाठीशी उभं राहणं. काम करणाऱ्या मुलींचं प्रमाण ४७ टक्क्यांनी वाढलं. यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढच्या सहा महिन्यांची सोबत. आपण प्रमाणपत्र वाटपाचा फोटो काढतो आणि तिथेच मुलीचं बोट सोडतो.

तुमच्या अहवालात काय लिहायचं, तर खरं ते लिहा. ४० जणींनी इच्छा दाखवली. केंद्र त्यांच्या गावांपासून इतक्या अंतरावर, वर्गाची वेळ अमुक, परतीची शेवटची गाडी अमुक. निवडलेले दोन ट्रेड हे गावातल्या मागणीवरून नव्हे, तर मंजूर यादीतून घेतले. २३ जणी आल्याच नाहीत, त्यातल्या इतक्यांना निरोप पोचला नव्हता. ८ जणी मध्येच गेल्या, त्या अमुक कारणाने. प्रत्येकीचं कारण लिहा, नाव न घालता. निधी देणाऱ्यांना हे वाचायला आवडणार नाही, असं वाटून मीही बरीच वर्षं गोलगोल लिहीत आले. पण असे दोन अहवाल मी पाठवले तेव्हा पुढच्या वर्षीच्या मंजुरीत गाडीभाड्याची ओळ आली. "मुलींमध्ये रस कमी" असं लिहिलं असतं तर पुढच्या वर्षी मुलींसाठीचा निधीच कमी झाला असता.

हे लिहायला माहिती लागेल आणि ती मिळवायला एक आठवडा पुरेल. उरलेल्या ९ मुलींना विचारा, गळालेल्या आठांपैकी कोण कुणाच्या गल्लीत राहते. मग त्यांच्यातल्याच दोघींना बरोबर घेऊन घरी जा. सकाळी अकराच्या सुमारास जा, तेव्हा घरातली पुरुष माणसं शेतात असतात आणि आईला चहा टाकायला, दोन शब्द बोलायला सवड असते. वही पिशवीतच राहू द्या. आईला पहिला प्रश्न वर्गाचा विचारू नका. मुलगी घरी काय काय काम करते, ते विचारा आणि ती वर्गाला आली की ते काम कुणावर पडतं, ते शांतपणे ऐकून घ्या.